प्रति: दोन ट्रम्पेट म्हणजे नुसती कुस्ती?

वर कुणीतरी म्हटलंय की जॅझमध्ये दोन ट्रम्पेट एकत्र आले की संगीत बाजूला राहतं आणि उंच सूर कोण जास्त ताणतो याचीच कुस्ती होते. काही जॅम सेशनांबद्दल (ऐनवेळी जमून वाजवण्याच्या बैठकांबद्दल) मान्य. पण फ्रेडी हबर्ड आणि वुडी शॉ या दोन ट्रम्पेटवाल्यांचा 'डबल टेक' हा अल्बम (१९८५, ब्लू नोट ही रेकॉर्ड कंपनी) ऐकून मग बोला. सोबत केनी गॅरेटचा अल्टो सॅक्सोफोन, मलग्रू मिलरचा पियानो, सेसिल मॅकबी बासवर, कार्ल ॲलन ड्रम्सवर.

मला यातली निवडच फार आवडते, आधीच्या ट्रम्पेटवाल्यांची आठवण करणारी. क्लिफर्ड ब्राऊनचं 'सांडू', ली मॉर्गनचं 'डेझर्ट मूनलाइट', केनी डोरहॅमचं 'लोटस ब्लॉसम', शिवाय तेविसाव्या वर्षी गेलेल्या बुकर लिटलसाठी हबर्डनं लिहिलेली रचना. ट्रम्पेटवाल्यांनी आपल्या घराण्याला केलेला नमस्कारच!

आणि याच अल्बमवरची 'बॉपरेशन'. ही फॅट्स नव्हारो आणि हॉवर्ड मॅगी या ट्रम्पेटवाल्यांची. १९४८ साली ब्लू नोटसाठीच ध्वनिमुद्रित झालेली. ते मूळ जरूर शोधा, त्याच सत्रातलं 'डबल टॉक'सुद्धा. नव्हारोचा सूर भरदार, गोल. मॅगी जरा धारदार. तरी पहिल्या ऐकण्यात कोण वाजवतोय याचा गोंधळ होतोच, त्यात काही वाईट नाही.

हबर्ड-शॉ ओळखणं त्या मानानं सोपं. हबर्डचा आवाज रुंद आणि खणखणीत, तर शॉ मोठमोठ्या स्वरांतरांवरून उड्या मारत मूळ सुरावटीबाहेर जातो आणि अलगद परत येतो. हेडफोन लावाच.