सणांचे खेळ: वर्गात मुलं खरंच कशात रमली? अनुभव लिहा

श्रावण लागला की आमच्या बालवर्गात सणांची रांग लागते. नियोजन लिहायला बसलं की दरवर्षी तेच: चित्र रंगवा, मुकुट घाला, फोटो काढा. मुकुट ताईंनीच कापलेला, पोर नुसतं मिरवतं. यंदा तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हातून काहीतरी घडावं असं वाटतंय. तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा.

बालवाडी, पुणे
भोंडला! पाटावरचा हत्ती मी काढत नाही. फरशीवर खडूनं बाह्यरेषा काढते, आत तांदूळ आणि डाळी मुलं भरतात. फेर दोन गाण्यांपुरताच. त्यापुढे लहानगी फेर सोडून पळतात. खरी मजा खिरापत ओळखण्यात. डबा प्रत्येकाच्या हातात जातो, हलवून कानाशी लावायचा, वास घ्यायचा. "वाजत नाही, म्हणजे शिरा!" हा तर्क चार वर्षांच्या मुलाचा. मुलगेही फेरात असतातच, उगाच वेगळं काढू नका.

अंगणवाडी, नागपूर
आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांनी लाकडी बैल मिरवायचा पोळा. लाकडी नंदी सगळ्यांकडे नसतो, आणि असतो त्याचा थाट बघून बाकीची मुलं हिरमुसतात. म्हणून आता आदल्या आठवड्यात सगळेच खोक्याचे बैल करतो: चाकांना बाटल्यांची झाकणं, शिंगांना काड्या, झूल जुन्या साडीच्या काठाची. सजावटीची स्पर्धा बंद केली. बक्षीस आईबापांच्या मेहनतीला मिळत होतं.

पूर्वप्राथमिक, फोंडा
चवथीला (गणेश चतुर्थीला) वर्गात छोटी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट, बांधतो. नारळ, सुपारीचा घड, आंब्याचे टाळे घरून येतात. मुलं हुंगून, हाताळून जड-हलकं लावतात, मग दोरीला बांधतो. लालभडक कवंडळ मात्र वर्गात आणत नाही. दिसायला मोहक, पण खायचं फळ नव्हे, आणि या वयात सगळं आधी तोंडात जातं.

बालवर्ग, ठाणे
तोंडाचा विषय निघालाच म्हणून: बोरन्हाणात पाच वर्षांखालच्यांना बोरं, हलवा, शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. नुसते चुरमुरे उधळा, तेवढ्यावर खूश असतात.

बालवाडी, कोल्हापूर
दिवाळीचा किल्ला परातीत करा, सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी. वर हळीव पेरतो, नाहीतर ते उगवलेलं बघायला कोणी नसतं. माती कालवणं हाच अर्धा खेळ, तिथे घाई नको. एका मुलानं किल्ल्यावर मावळ्यांशेजारी डायनोसॉर उभा केला. मी तो काढला नाही, पहारेकरी म्हणून छान शोभतो.

बालवर्ग, नाशिक
हे सगळं ठीक, पण पालकांना फोटो हवेच असतात. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर आला नाही की विचारणा सुरू. मुकुट झटपट होतो म्हणून करतो आम्ही.

बालवाडी, पुणे
मग चिखलानं भरलेल्या हातांचा फोटो टाका की! कपडे मळले म्हणून एखादी तक्रार येईल. "जुना सदरा पाठवा" असं आदल्या दिवशीच कळवायचं.

धागाकर्ती
कोल्हापूरच्या ताई, हळीव भिजवून पेरायचे की कोरडे?

बालवाडी, कोल्हापूर
कोरडेच, ओल्या मातीवर भुरभुरवा. भिजवले की बुळबुळीत होतात, बोटांना गोळे चिकटतात आणि अर्धे किल्ल्याऐवजी शेजारच्याच्या केसांत जातात. वरून पाणी शिंपडत राहा, ओतू नका. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात.