कालिदासाच्या मते चित्र कुठे अपुरं पडतं?

प्रश्न (नेरूळ, चित्रकला शिक्षिका)
शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना शिकवते. श्रावणात आईचं वर्षश्राद्ध आहे, तोवर तिचं चित्र पूर्ण करायचंय. फोटो समोर न ठेवता, आठवणीतून. चार कागद फाडले. कपाळ, नाक, कुंकू जिथल्या तिथे येतं, आई येत नाही. म्हणून ‘शाकुंतला’चा सहावा अंक पुन्हा काढला. दुष्यंत शकुंतलेचं चित्र आठवणीतूनच काढतो आणि म्हणतो, तिचं लावण्य रेषेत थोडंसंच उतरलंय. म्हणजे कला अपुरीच पडणार, असं कालिदासाला वाटतं का?

उत्तर (नौपाडा, कथक शिकवते)
ताई, कालिदासाचंच ‘मालविकाग्निमित्र’ नाटक वाचा. राजा अग्निमित्राने आधी मालविकेचं चित्र पाहिलेलं असतं. ती समोर नृत्याला उभी राहते तेव्हा तो चित्रकाराला ‘शिथिलसमाधी’ म्हणतो. काढताना त्याचं चित्त ढिलं पडलं होतं! हा शब्द मी वर्गात रोज वापरते. तत्कार, म्हणजे पायांचे बोल, बिनचूक, पण नजर घड्याळावर असली की मला लगेच दिसतं.

उत्तर (कोपरी, निवृत्त संस्कृत शिक्षक)
अग्निमित्र दुसऱ्याने काढलेलं चित्र पाहतो. दुष्यंताने ते स्वतः काढलंय, म्हणून त्याचं दुखणं वेगळं. त्याच्या मते चित्रात काय काढायचं राहिलंय ते पाहा: मालिनी नदी, वाळूत बसलेली हंसांची जोडी, फांद्यांवर वाळत घातलेली वल्कलं, काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी. कानावरचं शिरीषाचं फूलही राहिलंय. चेहऱ्याला तो पुन्हा हात लावत नाही. पुढे चित्रातल्या भुंग्यालाच तो खरा समजून दटावतो. विदूषक सांगतो, अहो, हे चित्र आहे. तेव्हा राजा कळवळतो: ती प्रत्यक्ष दिसत होती, तू आठवण करून दिलीस आणि तिचं पुन्हा चित्र झालं. मी तीस वर्षं शिकवलं, पण या ओळीला वर्गात माझा आवाज दरवेळी अडकायचा. कला अपुरी मानणारा कवी हे लिहिणार नाही. तुमच्या आईंच्या भोवती काय असायचं?

नेरूळ
सर, दोन दिवस याचाच विचार केला. तांदूळ निवडायचं सूप असायचं. दुपारी गॅलरीत पाय पसरून बसायची, निवडलेले खडे सुपाच्या कडेला एका रांगेत ठेवायची, आणि शेवटी मोजायची. का मोजायची, कधी विचारलं नाही. पाचव्या कागदावर आधी ते सूप काढलं, मग तिचा उजवा हात. बोटं तिचीच आलीत. चेहऱ्याची जागा अजून कोरी आहे.