मीटर म्हणतो स्पीकर ओके, तरी डग्गा वाजला की फरफर! कंपनी फिटेड स्टिरिओ, मदत हवी आहे

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

गाडी बाबांची. २०१६ची हॅचबॅक, स्टिरिओ कंपनीनेच दिलेला, त्याला कधी हात लावलेला नाही. चार दारांत चार स्पीकर आणि पुढे आरशांच्या कोपऱ्यात दोन छोटे ट्विटर. आम्ही चिपळूणचे, त्यामुळे पहिला प्रश्न पुराचाच येणार म्हणून आधीच सांगतो, २०२१च्या जुलैत गाडी माझ्याकडे पुण्याला होती, पुराचं पाणी तिने बघितलेलं नाही. मात्र पावसाळाभर अंगणात उघड्यावर उभी असते.

गणपती झाल्यापासून पुढच्या डाव्या दारातून फाटका आवाज यायला लागलाय. बाबा भजनं ऐकतात, रेडिओवर बातम्या ऐकतात. पेटी, टाळ ठीक वाजतात, पण डग्ग्याची थाप पडली की फर्र होतं आणि बातम्या देणारा माणूस भारदस्त आवाजाचा असेल तर घसा बसल्यासारखा वाटतो. आधी २० पर्यंत व्हॉल्यूम स्वच्छ चालायचा, आता १२च्या वर गेलं की सुरू. सकाळी दमट हवेत जास्त, गाडी दुपारभर उन्हात तापली की थोडं कमी. बाबांना हल्ली जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज बारीक ठेवा हा उपाय त्यांच्यासाठी उपायच नाही. दर आठवड्याला गुहागरला घराकडे एकटे जातात, तेवढ्या रस्त्यात भजन हीच त्यांची सोबत, म्हणून मला हे लवकर मार्गी लावायचंय.

सर्व्हिस सेंटरला नेली तर दोन मिनिटं गाणं लावून ऐकलं, दार उघडलंसुद्धा नाही, आणि म्हणाले स्टिरिओचा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा भाग) गेलाय आणि त्याने स्पीकरही खाल्लेत, सगळंच बदला. चौदा हजार. मला ते पटलं नाही, म्हणून घरीच एकेक करून बघितलं.

आधी बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढचं-मागचं) फिरवून एकेक कोपरा वेगळा ऐकला, फक्त पुढचा डावाच खराब. पेनड्राइव्ह, ब्लूटूथ, रेडिओ तिन्हीवर तेच, म्हणजे गाण्याच्या फाइलचा दोष नाही. बेस शून्यावर आणला तर फरफर कमी होते पण जात नाही. मग वाटलं दाराचा पॅडच थरथरत असेल, खिशातली बाटली, छत्री काढली, गाणं चालू ठेवून पॅड सगळीकडून तळहाताने दाबून बघितला, काही फरक नाही.

मग रविवारी पॅड काढला. हँडलच्या मागे टोपणाखाली एक स्क्रू, आर्मरेस्टमध्ये एक, बाकी क्लिपा (दोन तुटल्या, नवीन मिळतात). दोन्ही बाजूंचे स्पीकर सोडवून मीटर लावला, डावा ३.५ ओहम, उजवा ३.६. मागे ४ ओहम छापलंय, आणि मीटरवर त्यापेक्षा थोडं कमीच दिसतं, म्हणजे कॉइल (आतली तारेची गुंडाळी) जळलेली किंवा तुटलेली नाही. इथे मी गोंधळलो.

म्हणून दोघांची अदलाबदल केली. डावा स्पीकर उजव्या दाराच्या वायरला लावला तर फरफर उजवीकडे गेली, आणि उजवा डावीकडे अगदी स्वच्छ वाजला! म्हणजे स्टिरिओही बरा, वायरही बरी, दोष स्पीकरमध्येच. (एका ओळखीच्याने एक वायर बॉडीला टेकवून चेक कर असं सांगितलं होतं, ते मी केलं नाही. या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण ६ व्होल्ट असतात, अर्थिंग एकही नसते, बॉडीला लागली तर आतली आयसी (चिप) उडू शकते. कुणी करू नका.)

स्पीकर मांडीवर घेऊन दोन्ही अंगठ्यांनी कोन (पुढचा कागदी पडदा) सरळ, हलकेच आत दाबला. उजवा लोण्यासारखा आत-बाहेर होतो. डावा अर्ध्यात आला की वाळू घासल्यासारखं खर्र होतं, कानापेक्षा बोटांना जास्त जाणवतं. कागदी कोनवर खालच्या बाजूला चहाच्या डागासारखी पाण्याची रेघ आहे, तिथला कागद मऊ पडलाय, आणि मागच्या पत्र्याला गंज. दारातलं प्लास्टिक (पॅडमागचा पाणी अडवणारा कागद) बघितलं तर खालचा कोपरा लोंबतोय. दोन वर्षांपूर्वी काचेचं मशीन बदललं होतं, तेव्हा कुणीतरी ते खाकी चिकटपट्टीने चिकटवलेलं, ती सुटून गेलीय. माझा अंदाज असा की पाणी लागून कोन एका बाजूला बसला, कॉइल तिरकी झाली आणि चुंबकाच्या फटीत घासतेय, शिवाय गंजाची पूडही आत गेली असेल. बरोबर आहे का?

आता विचारायचंय ते असं. हा रिपेअर करण्यात अर्थ आहे का, की सरळ बदलावा? एकच बदलू की पुढची जोडी? बाहेरचा घेतला तर ४ ओहमच घ्यायचा आणि मागचं चुंबक काच खाली केल्यावर तिला लागणार नाही इतकी खोली बघायची, हे मला माहीत आहे. पण दुकानदार मोठ्या वॅटचे दाखवतात, आणि कंपनीच्या स्टिरिओतून चॅनलला खरे वीसेक वॅटच मिळतात, मग वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमध्ये किती मोठा वाजतो ते) ९० डीबी किंवा वर असलेला घेतला तर बाबांना आवाज जास्त मिळेल ना? ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी कृपया सांगा.

अपडेट : तुम्ही सांगितलं तसं पेन्सिल सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवून बघितला. उजवा टक् वाजला, डावा टक् नंतर खर्र. आणि दाराचे खालचे पाणी जायचे होल बघा म्हणालात त्याबद्दल खूप आभार! तीनपैकी दोन चिखल आणि कुजलेल्या पानांनी गच्च होते. माडाच्या हिराने मोकळे केले तर कपभर तांबूस पाणी गळलं, दार इतके दिवस आतून भिजतच होतं. पुसून, वाळवून प्लास्टिक सगळीकडून ब्युटाइल टेपने परत बसवलं. वरून काचेवर दोन तांबे पाणी ओतलं, सगळं खालच्या होलांतून बाहेर आलं, स्पीकरच्या जागी कोरडं.

सध्या चांगला स्पीकर ड्रायव्हरच्या बाजूला ठेवलाय, डावीकडे काहीच नाही. बाबा गुरुवारी निघतात, त्याआधी जोडी आणायचीय, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं द्या.