अज्ञान (18 वर्षांखालच्या) मुलांच्या नावची जमीन आईला विकता येते का? सल्ला हवा

श्रीगोंदेकर
मंडळी, बहिणीसाठी विचारतोय. दाजी गेल्या वर्षी वारले, मृत्युपत्र वगैरे काही नाही. त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली दोन एकर जिरायत आहे. वारसनोंद झाली. सातबाऱ्यावर बहीण, भाची (14) आणि भाचा (10) अशी तीन नावं आली. पोरांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असा शेरा आहे. सोसायटीचं कर्ज थकलंय, भाचीच्या शिक्षणाचं बघायचंय, आणि बहीण आता नगरलाच राहते, त्यामुळे शेत पडीकच आहे. एक गिऱ्हाईक आलंय, भावही बरा देतंय. मधला एजंट म्हणतो, "आईच पालक आहे. तिची सही झाली की विषय संपला, कोर्टबिर्ट काही लागत नाही." या आठवड्यात इसार द्यायला तयार आहे. घ्यावा का? नगरकडचा जमिनीच्या कामातला वकील माहीत असेल तर व्यनि करा.

जुना तलाठी
इसार घेऊ नका. आधी हे वाचा.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलं लहान आहेत आणि त्यांच्या वतीने आई बघते, एवढीच ती नोंद. त्या शेऱ्याने विकायचा अधिकार मिळत नाही. नोकरीत असताना हे सांगून सांगून तोंड दुखलं. खरेदीखत नोंदवलं गेलं म्हणजे ते पक्कं झालं, हाही तसलाच समज.

काळा कोट
तलाठी काका बरोबर सांगताहेत. कायदा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956, कलम 8. वडिलांच्या मागे आई नैसर्गिक पालक आहे, यात वाद नाही. पण अज्ञानाची स्थावर मिळकत विकणं, गहाण टाकणं, बक्षीस देणं, अदलाबदल करणं यांपैकी काहीही करायचं तर कोर्टाची *आधी* परवानगी लागते. भाडेपट्टासुद्धा पाच वर्षांहून जास्त किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पुढे जाणारा असेल, तर तोही परवानगीशिवाय करता येत नाही.

परवानगीविना विकलं तर व्यवहार त्याच दिवशी रद्द होत नाही, पण मुलाला तो पुढे मोडता येतो. दाव्याची मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं. म्हणजे तुमची भाची 21 ची होईपर्यंत, आणि भाचा 21 चा होईपर्यंत अजून अकरा वर्षं, घेणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार. बरं, दरवेळी दावाच लावावा लागतो असंही नाही. दावणगेऱ्याकडच्या एका प्रकरणात बापाने मुलांच्या नावचा प्लॉट परवानगी न काढता विकला होता. मुलांनी सज्ञान झाल्यावर तोच प्लॉट दुसऱ्याला विकून टाकला. एवढ्या वागण्यातून पहिला व्यवहार नाकारला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटलं. घेणाऱ्याला कर्ज काढायचं असेल तर बँकेचा वकील सर्च रिपोर्टमध्येच (मालकी तपासणीच्या अहवालात) हे लाल शाईने लिहितो.

माळरान
आमच्याकडं चुलत्यानं सगळ्यांच्या वतीनं विकली, त्यात माझाही हिस्सा होता आणि मी तेव्हा चौथीत. कोर्ट नाही, काही नाही. सगळं गाव असंच करतं.

काळा कोट
@माळरान, तुमची एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असणार. तिथे चुलता कर्ता (कुटुंबप्रमुख) म्हणून कुटुंबाच्या गरजेसाठी विकू शकतो, आणि एकत्र मिळकतीतल्या अज्ञानाच्या अविभक्त हिश्श्याला कलम 8 लागत नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. श्रीगोंदेकरांचं तसं नाही. जमीन दाजींची स्वकष्टार्जित. ती वारसाने आलेल्या प्रत्येकाचा हिस्सा ज्याचा त्याचा स्वतंत्र. विधवा आईला कर्ता होता येत नाही, तेव्हा ती पळवाटही नाही.

निशिगंधा
एक शंका. दाजींच्या आई हयात आहेत का?

श्रीगोंदेकर
आहेत ना ताई. धाकट्या मुलाकडे असतात. वारसनोंदीत त्यांचं नाव नाही, कुणी घातलंच नाही. का?

निशिगंधा
मग हिस्से तीन नाहीत, चार! हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर पत्नी, मुलं आणि *आई* पहिल्या वर्गात बरोबरीने येतात. दोन एकरांत सासूबाईंचा अर्धा एकर. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. उद्या धाकटे दीर जागे झाले तर कोर्टाची परवानगी असली तरी खरेदीखत लटकेल. आमच्या सासरी नेमकं हेच झालं. भांडण व्यवहारानंतर पेटलं, म्हणून जास्त महागात पडलं.

जुना तलाठी
ताईंनी बरोबर पकडलं. आधी फेरफार (वारसनोंद) दुरुस्त करून घ्या. आजींना हिस्सा नको असेल तर त्यांच्या खुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र. धाकट्या मुलाच्या घरी राहतात म्हणताय, तेव्हा दमाने, चहा पिऊन विषय काढा. नाहीतर खरेदीखतात त्यांनाही देणार म्हणून घ्या आणि त्यांच्या वाट्याचे पैसे द्या. मला हाच मार्ग सरळ वाटतो.

श्रीगोंदेकर
हे डोक्यातच नव्हतं. कोर्टाचं काम कसं चालतं? किती दिवस?

काळा कोट
जमीन ज्या कोर्टाच्या हद्दीत, तिथे अर्ज. तुमच्याकडे कोणत्या कोर्टात दाखल करायचा ते स्थानिक वकील सांगेल. मुलांची निकड आहे किंवा त्यांचा उघड फायदा आहे, यांपैकी काहीतरी कोर्टाला पटावं लागतं. "भाव चांगला आलाय" एवढ्याने भागत नाही. सोसायटीची थकबाकी (उतारा जोडा), शाळेच्या फीच्या पावत्या, जमीन पडीक आहे हे दाखवणारा पीकपाहणीचा उतारा, गिऱ्हाइकाचा लेखी देकार आणि रेडी रेकनरचा (सरकारी) दर, हे सगळं लावा. ठरलेला भाव रेकनरपेक्षा कमी असेल तर न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतील.

बहुतेक वेळा मुलांच्या हिश्श्याची रक्कम त्यांच्या नावाने बँकेत मुदत ठेव करायला सांगतात. म्हणजे मुलांचे पैसे बहिणीच्या हातात मोकळे येणार नाहीत, हे तिला आत्ताच समजावून सांगा. फीसाठी त्यातून काढायचे असतील तर तशी विनंती याच अर्जात करा. कालावधी महिन्यांत मोजायचा, आठवड्यांत नाही.

शेख मास्तर
आमच्यात कसं असतं?

काळा कोट
मास्तर, तिथे नियम आणखी कडक आहे. मुस्लिम कायद्यात आई मुलांच्या मिळकतीची कायदेशीर पालक धरली जात नाही. तिने केलेली विक्री मुळातूनच निरर्थक, 1918 पासून प्रिव्ही कौन्सिलचा (इंग्रजांच्या काळातलं सर्वात वरचं कोर्ट) तसा निवाडा आहे. कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी, दोन्ही घ्या.

माळरान
विकायचीच कशाला? खंडाने द्या की.

निशिगंधा
सोसायटीचं व्याज खंडातून फिटणार आहे का, ते आधी बघावं लागेल. फिटत असेल तर मीही तेच म्हणेन. लेखी करा मात्र, आणि मुदत कमी ठेवा. तोंडी दिलं की कुळाचा घोळ सुरू होतो.

श्रीगोंदेकर
एजंटला सांगितलं, तो तर भडकलाच. गिऱ्हाइकाशी मी थेट बोललो. माणूस समजूतदार निघाला, म्हणाला परवानगी येईपर्यंत थांबतो, पण व्यवहार बांधून ठेवायला काहीतरी लेखी हवं. काय करावं?

काळा कोट
साठेखत (पुढे विकण्याचा करार) करता येईल, पण परवानगीच्या अटीवर. परवानगी नाकारली तर इसार विनाव्याज परत आणि कुणाची कुणावर तक्रार नाही, असं स्पष्ट लिहा. मुलांच्या हिश्श्यावर ते बांधील नाही, हेही त्यात येऊ द्या. रक्कम नाममात्र ठेवा, बँकेतूनच घ्या आणि खर्च करू नका. त्याआधी आजींचं काम. नगरच्या वकिलांचं नाव व्यनि केलंय.