गल्लीतला बार, दारातली शेगडी : नागपूरकरांनो, लिहा

नागपूरच्या खाण्याचा विषय निघाला की तो सावजी, तर्री-पोहे आणि संत्रा बर्फीवर येऊन संपतो. ते सगळं मान्य. पण प्रतापनगरात राहा, मानेवाड्यात राहा नाहीतर जरीपटक्यात, घरून चालत जाता येईल असा एक बार असतोच. दारात शेगडी, आत थंड बियर, आणि सात वाजून गेले की टू-व्हीलर लावायला जागा नाही. त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. टेबलात निखारे पुरलेले बुफेवाले इथे नकोत. बारचं नाव लिहू नका, परिसर सांगा म्हणजे पुरे.

सुरुवात मीच करतो. आमचा त्रिमूर्तीनगरकडचा. मालक दोनदा बदलला, कुणाला पत्ता लागला नाही. मध्यंतरी भट्टीवाला बदलला आणि आठवड्याभरात निम्मी टेबलं रिकामी. चौकशी केली तर तो चार गल्ल्या सोडून दुसरीकडे लागला होता आणि आमची नेहमीची मंडळी तिथे आधीच बसलेली. बियर काय, सगळीकडे त्याच कंपन्यांची. माणूस येतो तो भट्टीवरच्या हातासाठी, असं माझं मत. पटत नसेल तर खाली भांडा.

जरीपटका जुना
भांडायचं काय त्यात, बरोबर आहे. मी कॉलेजात असताना एका बारमध्ये भट्टीवर हाताखाली होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गिऱ्हाइकाला भट्टी सातला दिसते, आमची पाचच्या आधी पेटायची. तंदूर आतून मातीचा. नुसता कोळसा लाल होऊन भागत नाही, भिंत तापावी लागते आणि त्यात तास-दीड तास जातो. त्याआधी कोंबडी आत सोडली तर वरून करपते नि हाडाजवळ गुलाबी राहते. कोंबडीला हाडापर्यंत चिरे द्यायचे. पहिला हात मीठ, लिंबू, तिखटाचा. तो मुरला की दुसरा, टांगलेल्या दह्याचा. दही पातळ असलं तर मसाला सळईवरून घसरून निखाऱ्यात जातो आणि टेबलावर जी येते ती नुसती भाजलेली कोंबडी.

आता खरी गोष्ट. आठ-दहा मिनिटांनी सळई बाहेर काढून हुकाला टांगतात. टेबलावरून ओरड सुरू होते, "झालं ना भाऊ, आण की." झालेलं नसतं. टांगल्यावर पाणी-तेल गळून जातं, आच आतपर्यंत पोचते, मग लोणी फिरवून पुन्हा तीन-चार मिनिटं आत. ही दुसरी फेरी गर्दीच्या वेळी गाळतात. शनिवारी रात्रीची तंदुरी बाहेरून कोरडी नि आतून कच्ची का लागते, हा प्रश्न पडला असेल तर उत्तर हे आहे.

सीख कबाब शेगडीवरच. खिम्यात चरबी पाहिजे, पाणी नको. ओल्या हातानं सळईवर दाबत दाबत चढवायचा. खिमा ओलसर राहिला तर अर्ध्यात सुटून निखाऱ्यात पडतो आणि उस्ताद जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही. मटण मऊ व्हायला कच्च्या पपईचा गर लावतात. थोडा वेळ ठेवला तर उत्तम, रात्रभर ठेवला तर लगदा. आणि शेगडीतून ज्वाळा उडाल्या की लोक मोबाइल काढतात ना? भट्टीवाल्याला ज्वाळ नकोच असते. निखाऱ्यावर राखेचा पांढरा थर आला की आच बरोबर लागली. चरबीचा थेंब त्यावर पडून जो धूर उठतो, चव त्या धुराची.

वर्धेकर
आम्ही भाऊ ड्राय जिल्ह्यातले. १९७४ पासून वर्धेले दारूबंदी. सेवाग्राम, पवनार तिकडं, म्हणून. तं नागपूरले काही ना काही काम काढाच लागते. कोणाचे चष्म्याचे नंबर, कोणाचा ट्रॅक्टरचा पार्ट. बुटीबोरीच्या इकडं आलं की बियर बारचे बोर्ड दिसाले लागते नि गाडीतले सगळे एकदम गप्पा माराले लागते.

आमचा अड्डा अजनीकडं, स्टेशनपासून पायी. २०१५ ते २०२१ चंद्रपूरलेही बंदी होती. तवा बाजूच्या टेबलावर चंद्रपूरचे पोट्टे, त्याच्या बाजूले गडचिरोलीचा एखादा मास्तर. तिकडं तं १९९३ पासून बंद. तीन जिल्ह्यांची माणसं एका पंख्याखाली, नि प्रत्येकाची परतीची गाडी वेगळी. वेटरले सगळ्यांच्या गाड्यांचे टाइम पाठ. "मास्तर, तुमची निघाची वेळ झाली," हे तोच सांगते.

पार्सल फक्त चिकनचं. बियरची बाटली हद्दीपार नेली तं केस होते. म्हणून जे काय आहे ते तिथीच संपवाचं.

दुसरा मजला
मी अशा एका बारच्या समोर राहते. कुठला परिसर ते नाही सांगत, शेजार आहे. धाग्यात सगळे आतून लिहितायत, बाहेरूनही कुणी लिहायला हवं.

संध्याकाळी साडेसहाला शेगडी पेटली की बाल्कनीतले कपडे आत घ्यायचे. राहिले तर सकाळी ऑफिसात बाजूची विचारते, काल पार्टी होती का गं? धुराचा पाइप पहिल्या मजल्याच्या उंचीवर सोडला होता. सोसायटीतल्या काकांनी पाठपुरावा केला, कागद दिले, तेव्हा कुठे तो गच्चीच्या वर गेला. तोवर दोन उन्हाळे आम्ही कूलर बंद ठेवून काढले, कारण कूलर बाहेरची हवा ओढतो. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना कूलर बंद म्हणजे काय, ते इथे वेगळं सांगायला नको. फाटकासमोर गाड्या लावतात तो त्रास अजून आहेच.

एक मात्र कबूल करते, भांडणं बारमध्ये होत नाहीत. ती होतात शेजारच्या पानठेल्यावर. आणि रात्री उशिरा घरी यायचं असलं तर त्या गल्लीतून यायला भीती वाटत नाही. दिवे असतात, माणसं असतात, भट्टीवाला ओळखतो.

प्रतापनगर चखणा विभाग
तंदुरीवर एवढं लिहिलंत, चखण्यावर कुणीच नाही? बारची परीक्षा फुकटच्या वाटीत होते. उकडलेले चणे, वर कांदा, लिंबू नि हिरवी मिरची आली तर बसा. मऊ पडलेले शेंगदाणे आले तर एक पाइंट संपवून उठा.

मिहान शिफ्ट
आम्ही ऑफिसमधल्या चौघी आणि दोन मुलगे. वर्धा रोडच्या अलीकडे एक आहे, त्याला "एसी फॅमिली" असा वेगळा जिना आहे. वर गेल्यावर एसी, टीव्ही आणि प्लायवूडचे कप्पे. शेगडी मात्र खाली, त्यामुळे कबाब वर येईपर्यंत गार. आम्ही एकदा सरळ खालीच बसलो. पहिली दहा मिनिटं सगळे बघत होते, मग मॅच सुरू झाली आणि आमच्याकडे बघायला कुणाला वेळ राहिला नाही. आता खालीच बसतो.

तिथला वेटर चांगला आहे, पण बियर ओतताना आधी मुलांचे ग्लास भरतो आणि बिलाचं पाकीटही मुलांपुढे ठेवतो. पैसे दर वेळी मीच देते, त्याला माहीत आहे, तरी ठेवतो. आमच्यातली एक तेवीस वर्षांची. तिला बियर चालते, व्हिस्की नाही. महाराष्ट्रात बियरला २१ आणि व्हिस्की-रमला २५ वर्षं लागतात, हे टेबलावर कुणालाच माहीत नव्हतं. वेटरनं मात्र बरोबर वय विचारलं.

उन्हाळ्यात मोठी बाटली मागवू नका, हा आमचा शोध. ६५० मिलीची बाटली शेगडीजवळच्या टेबलावर अर्धी होईपर्यंत कोमट होते. ३३० चे पाइंट एकेक मागवायचे. थोडे महाग पडतात, पण शेवटचा घोटही गारच लागतो.

हिशोबवाला, धंतोली
बिल निघालंच आहे तर सांगतो. मद्यावर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. परमिट रूममध्ये बसून पिण्यावरचा व्हॅट राज्यानं १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के केला. खाण्यावर ५ टक्के जीएसटी, तो वेगळा. काही ठिकाणी दोन्हीची बेरीज करून खाली एकच "टॅक्स" छापतात, तर खाण्याचं आणि पिण्याचं बिल वेगळं मागा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच तसं बजावलं आहे. नको म्हटलं की काढावा लागतो. मी काढायला लावतो आणि ते पैसे वेटरच्या हातात देतो. घरचे म्हणतात मग काढायला लावतोस कशाला. त्यांना नाही कळायचं.

महाल
आमच्याकडे कॅलेंडर बघून बारला जावं लागतं. श्रावण लागला की अर्धी टेबलं रिकामी, भट्टीवाला मोबाइल बघत बसलेला. श्रावण संपतो पोळ्याला. दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक. काळी-पिवळी मारबत, बडगे, "घेऊन जा गे मारबत"चा गजर, रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि घरोघरी मटण. त्या दिवशी शेगडीकडे कोण जातो? जायचं ते त्यापुढच्या दोन दिवसांत, कारण पोळ्यानंतर चौथ्या दिवशी गणपती बसतात आणि निम्म्या घरांत पुन्हा बंद. त्या दोन दिवसांत महिनाभराची भूक एकदम येते. आमचा भट्टीवाला त्यासाठी भाच्याला मदतीला बोलावतो.

एकटा शाकाहारी
पनीर टिक्क्याची सळई वेगळी ठेवतात का, हे विचारल्यावर उत्तर यायला वेळ लागला तर पापड मागवा.

काटोल रोड
शेगडीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून बोलतो. हिवाळ्यात आमच्या शेतात गोवऱ्यांच्या आरात रोडगे (कणकेचे जाड गोळे) नि वांगी भाजतात, वर जवसाचं तेल किंवा तूप. विदर्भाच्या माणसाला निखाऱ्याचं काय नवल? बारमध्ये रोडगे ठेवा, मग येतो. तोवर डिसेंबरात तुमचं तुम्ही बघा, तेव्हा अधिवेशनाच्या गर्दीत सदर नि सिव्हिल लाइन्सकडे बसायला जागा मिळत नाही. गल्लीतल्या बारला मात्र अधिवेशन लागलं काय नि संपलं काय, काही फरक पडत नाही.

अजनी चौक
परत कसे जाता, हे कुणीच लिहिलं नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दोन मोठ्या बाटल्या स्ट्राँग प्यायल्यावर मशीनसमोर नशीब आजमावू नका. वर्धा रोडवरून आम्ही मेट्रोनं येतो. पण तिची शेवटची गाडी रात्री दहाच्या आसपास, म्हणजे बसायला सातलाच जावं लागतं.

जरीपटका जुना
सातलाच जा, तुमच्याच फायद्याचं आहे. भिंत नुकती तापलेली असते, ऑर्डरी कमी असतात, दुसरी फेरी मिळते. शाकाहारी भाऊंना : सळई वेगळी असते, पण ब्रश एकच असतो. लोणी लावू नको म्हणून आधीच सांगायचं. आणि रोडग्यांचं मालकाला विचारून झालंय. तंदुराच्या भिंतीला ते चिकटत नाहीत, शेगडीवर जागा अडते, नको म्हणाला.