मदत हवी आहे: जुन्या फोटोंच्या नोंदींसाठी डब्लिन कोअर पुरेल की मॉड्स?

नमस्कार मंडळी. एका संस्थेच्या जुन्या फोटोंचं आणि पत्रांचं स्कॅनिंग झालंय, आता मेटाडेटा, म्हणजे प्रत्येक फोटो-पत्राची वर्णनात्मक माहिती, भरायचाय. त्यासाठी डब्लिन कोअर आणि मॉड्स अशा दोन प्रमाणित पद्धती समोर आहेत. डब्लिन कोअरचे मूळ 15 घटक (शीर्षक, तारीख असे माहितीचे रकाने) सुटसुटीत आहेत, नवीन माणूसही पटकन शिकतो, म्हणून माझा कल तिकडे आहे.

पण गाडी तारखेपाशी अडते. फोटो साधारण 1930 चा, स्कॅन आत्ताचं, आणि साध्या डब्लिन कोअरमध्ये ‘डेट’ हा एकच घटक. दोन्ही तारखा तिथे टाकल्या, तर 1930 च्या आसपासचं शोधणाऱ्याला कोणती तारीख कशाची ते कसं कळणार? मॉड्समध्ये निर्मितीची आणि डिजिटायझेशनची तारीख वेगळी ठेवता येते, नावापुढे छायाचित्रकार की पत्रलेखक हेही नोंदवता येतं. मात्र मॉड्सची नोंद एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावलेल्या मजकुरात, हाताने भरणं स्वयंसेवकांना जड जाईल. डब्लिन कोअरच्याच विस्तारित संज्ञांमधलं ‘क्रिएटेड’ (निर्मितीची तारीख) वापरून कोणी काम भागवलंय का? आणि अंदाजे साल ईडीटीएफ या तारखा लिहिण्याच्या प्रमाणित पद्धतीने ‘1930~’ असं लिहिलं, तर तुमच्या सॉफ्टवेअरमधला शोध ते नीट ओळखतो का?

दुसरं म्हणजे नावं. एकच व्यक्ती कुठे आद्याक्षरांनी, कुठे पूर्ण नावाने येते. प्रमाणित नावांची यादी आधी करावी की नोंदी करता करता?

फाइलमध्येच आयपीटीसी माहिती (फोटोच्या फाइलच्या आतच साठवायची शीर्षक, छायाचित्रकार वगैरे माहिती) भरायचं मात्र पक्कं केलंय. फाइल कुठेही गेली तरी ओळख सोबत राहायला हवी. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी एखादी भरलेली नोंद नमुन्यादाखल दाखवली तर फार मदत होईल.