जॉनी कॅशच्या गिटारमधून मागाचा आवाज कसा येतो?

अशोक चौक, सोलापूर:
आमचं घर वर, खाली चार माग. टॉवेल विणायचो. वडील गेल्यावर माग भंगारात दिले. घर एवढं गप्प झालं की रात्री झोप लागेना. मागच्या महिन्यात पोराने कानाला हेडफोन लावला, अमेरिकी गायक जॉनी कॅशचा 'ॲट फॉल्सम प्रिझन' हा अल्बम. मी उठूनच बसलो. धोटा पळतो, फणी ठोकते, अगदी तोच ठेका! इंग्रजी निम्मंच कळतं, तरी रोज ऐकतोय. गिटारमधून असा आवाज निघतो कसा? आणि १९६८ची तुरुंगातली रेकॉर्ड आजच्या पोरांना का लागते?

सहा तारा:
दादा, कान बरोबर आहे तुमचा. सुरुवातीला कॅशकडे ड्रमवाला नव्हताच. ल्यूथर पर्किन्सची गिटार, मार्शल ग्रँटचा बास, बस्स. ल्यूथर तळहाताची कड तारांवर दाबून वाजवायचा. सूर घुमायच्या आत दबतो, नुसता ठोका उरतो. 'आय वॉक द लाइन'ला तर कॅशने स्वतःच्या गिटारच्या तारांत कागद खोचला होता, ड्रमसारखी खरखर यावी म्हणून. फॉल्समला ड्रमवर डब्ल्यू. एस. हॉलंड होता, पण चाल तीच.

रेल्वे लाईन्स:
मला तो आगगाडीचा ठेका वाटतो. पहिल्या गाण्यातला कैदी गाडीचाच आवाज ऐकत बसलेला असतो ना! कॅशने १३ जानेवारी १९६८ला फॉल्समच्या तुरुंगात दोन कार्यक्रम केले. त्या गाण्यात रीनो शहरात माणसाला गोळी घातल्याची ओळ आहे, तिच्यानंतरची कैद्यांची आरोळी मागाहून स्टुडिओत जोडलेली आहे, हे कळल्यावर मला वाईट वाटलं होतं. पण काका, शेवटचं 'ग्रेस्टोन चॅपल' ऐका. ते तिथल्याच कैद्याने, ग्लेन शर्लीने, रचलेलं. कॅशला ते आदल्या दिवशी मिळालं, रात्रीतून बसवलं आणि शर्ली समोर बसलेला असताना गायलं. पोरांना लागतं ते हेच, असं मला वाटतं. कॅश तिथेच थांबला नाही. पुढच्या वर्षी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गायला, १९७२मध्ये कैद्यांसाठी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे बोलला.

अशोक चौक, सोलापूर:
ताई, रात्री तीनदा ऐकलं. आमच्याकडे एक कामगार होते, तेलुगूत भजनं रचायचे. चारही माग चालू असताना त्यावरून आवाज चढवून म्हणायचे. कधी कुणी टेप केलं नाही. त्यांची वही मुलाकडे असेल. रविवारी जाऊन विचारतो.